पेपर कोण काढणार?

प्रिय मावशी,

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं घर आहे. घरात मी, हे आणि सासरे. मुलगा १९ वर्षांचा, पुण्याला हॉस्टेलवर असतो. सासरे ८० वर्षांचे. एस.टी.त ३२ वर्षं कंडक्टर होते. सासूबाई गेल्यापासून जरा गप्प गप्प असतात, पण हिंडते-फिरते आहेत.

गेल्या महिन्यात मुलगा सुट्टीला आला होता. त्याच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, 'पंच्याहत्तरीनंतर मत द्यायचं तर आधी क्षमता चाचणी द्यावी'. हा बाजूने बोलला, दुसरा नंबर आला. जेवताना तेच कौतुक चाललं होतं. मग म्हणाला, "थांबा, आजोबांचीच घेऊ." पाच प्रश्न विचारले. राज्यसभेत खासदार किती, विधान परिषदेत आमदार किती, राज्यपाल कोण नेमतं, जीएसटी कोणत्या वर्षी आला आणि आपल्या जिल्ह्यात विधानसभेच्या जागा किती. बाबांना एकच आलं, शेवटचं. मुलगा म्हणाला, "पाचात एक. नापास!" आम्ही सगळे हसलो. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

बाबा ताटावरून उठले. भात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाटातून मतदार ओळखपत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. "हे ठेव तुझ्याकडे. मला आता नको." तेव्हापासून नातवाचा फोन आला की अंगणात निघून जातात.

मावशी, मुलाचं बोलणं उद्धट होतं, पण चूक होतं का? बाबा हल्ली विसरतात. दूध आलं का, हे तीनदा विचारतात. परवा गॅस चालूच राहिला. व्हॉट्सॲपवर येईल ते खरं मानून पुढं ढकलतात. (मागच्या विधानसभेला मशीनवरचं त्यांना नीट दिसेना, म्हणून हेच बरोबर आत गेले आणि ह्यांनीच बटण दाबलं. बाहेर आल्यावर बाबा विचारत होते, "माझं मत कुणाला दिलंस रे?") अशा माणसाच्या मतावर देश चालावा का, असं मुलगा विचारतो तेव्हा मला उत्तर सुचत नाही. आणि ते कार्ड माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. त्याचं काय करू?

— एक सून


अगं सूनबाई,

तुझ्या मुलाचा पेपर आधी मी स्वतः सोडवला. राज्यसभा २४५, बरोबर. राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, बरोबर. जीएसटी २०१७, बरोबर. विधान परिषदेला मी ७६ म्हटलं, असतात ७८. आणि सातारा जिल्ह्यातल्या विधानसभेच्या जागा बोटांवर मोजल्या तर सातच भरल्या. फलटण विसरले होते. आठ आहेत. म्हणजे एकतीस वर्षं शाळेत इतिहासाच्या शेपटीला बांधलेलं नागरिकशास्त्र शिकवलेली ही बाई पाचात तीनवर अडकली. आणि ज्या एका प्रश्नाचा तुझ्या सासऱ्यांच्या मताशी सरळ संबंध होता, तो त्यांना आला, मला नाही.

तुझ्या मुलाने स्पर्धेत लायसन्सचा दाखला दिलाच असणार. या विषयावर बोलणारा प्रत्येक जण देतो. चाळिशी उलटली की लायसन्ससाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, पंचावन्ननंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, मग मतालाच सूट का? टाळ्या पडतात याला. पण घरात रिटायर्ड कंडक्टर असताना पोराने हा दाखला द्यावा याची मला गंमत वाटते. एस.टी.त परीक्षा असते ती ड्रायव्हरची. डोळे तपासतात त्याचे. मागच्या सीटवर गाठोडं घेऊन बसलेल्या म्हातारीला तुझ्या सासऱ्यांनी ३२ वर्षांत कधी विचारलं नसेल, की इंजिनाला सिलिंडर किती. त्यांनी विचारलं, "कुठं उतरायचं?" मतदार हा सीटवर बसलेला माणूस आहे. गाडी खड्ड्यात गेली की टाळकं त्याचंच आपटतं, म्हणून गाडी कुठं न्यायची हे सांगायचा हक्क त्याला. तिकीट असलं की पुरे. आता तर २०२२ पासून ७५ पुढच्यांना तिकीटही लागत नाही. तेव्हाही सरकारने वयाचा पुरावा मागितला, वाटेतले थांबे पाठ आहेत का ते विचारलं नाही.

ड्रायव्हरचं बोलायचं तर बोलू. आपल्याकडे निवडून येणाऱ्याला वयाची वरची मर्यादा नाही. मोरारजी देसाई १९७७ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा ८१ वर्षांचे होते. हरियाणाने २०१५ मध्ये पंचायतीच्या उमेदवारांना शाळेच्या इयत्तांची अट घातली आणि सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. राजस्थाननेही तशीच घातली होती, २०१९ मध्ये काढून टाकली. मला ती अट मुळीच पटत नाही. पण तिथेसुद्धा चाळणी लावली होती ती उभं राहणाऱ्याला, मत देणाऱ्याला नाही.

कायद्याचं चार ओळींत सांगते, मुलाला पुढच्या स्पर्धेला उपयोगी पडेल. संविधानाचं कलम ३२६ म्हणतं, १८ पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला मताधिकार. तो नाकारायची कारणंही तिथंच मोजून दिली आहेत. त्या भागात राहत नसणं, मनोविकलता, गुन्हा, निवडणुकीतले भ्रष्ट किंवा बेकायदेशीर प्रकार. म्हातारपण त्यात नाही, अज्ञान तर नाहीच. मनोविकलतेच्या बाबतीतही १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो, की सक्षम न्यायालयाने तसं जाहीर केलेलं असलं पाहिजे. घरच्यांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर करून चालत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर आणखी स्पष्ट केलंय. एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो मनोविकल ठरत नाही. म्हणजे मुलाला हवी तशी चाचणी आणायची तर आधी संविधान बदलावं लागेल. वयाची खालची रेघ एकदा बदलली आहे. १९८९ पर्यंत मताला २१ पूर्ण लागायची. तुझ्या सासऱ्यांचं पहिलं मत बहुधा १९६७ चं असेल, नाहीतर १९७१ चं. विचार त्यांना.

आता खरं दुखणं. मी जन्मभर पेपर काढले. कुणाला पाडायचं हे पेपर काढणाऱ्याच्या हातात असतं, हे मला कुणी शिकवायला नको. मी आत्ता बसल्या बसल्या असा पेपर काढते, की तुझे सासरे पैकीच्या पैकी घेतील आणि तुझा मुलगा कोरा कागद देईल. सातबाऱ्यावर वारसनोंद करायची तर पहिलं पाऊल काय? तुमच्या आळीला नळाला पाणी कोण सोडतं आणि किती वाजता? बहात्तरच्या दुष्काळात लोक कुठल्या कामावर खडी फोडायला जात होते? ही माहिती राज्यसभेच्या आकड्यापेक्षा कमी दर्जाची आहे, असं ठरवणारा कोण? आणि घरातल्या पेपरात एक बरं असतं, की तो नातू काढतो. सरकारी पेपर सत्तेवर बसलेले लोक काढतील. ज्यांच्या विरुद्ध मत पडायची भीती, त्यांच्याच हातात मत देणाऱ्यांची यादी.

हे झालेलं आहे, कल्पनेतलं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामगिरी संपल्यावर मतदारांना लिहिण्या-वाचण्याची परीक्षा लावली. पण गोऱ्यांतही निरक्षर पुष्कळ. ते पडले तर पंचाईत. मग काही राज्यांनी शक्कल काढली, की काळ्यांना मताचा हक्क मिळण्याआधी ज्याच्या आजोबांना तो होता, त्याला परीक्षा माफ. काळ्या माणसाचा आजोबा गुलाम, त्याला हक्क असणार कुठून! 'आजोबा कलम' असंच नाव पडलं त्याला. तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते १९१५ मध्ये मोडीत काढलं, पण परीक्षा पुढे पन्नास वर्षं चालू राहिल्या. शिकलेसवरलेले काळे लोकही त्यांत नापास व्हायचे, कारण तपासणारा अधिकारी गोरा. १९६५ च्या कायद्यानंतर ते थांबायला लागलं. तिथं आजोबांच्या नावावर नातवाला सूट दिली, इथं नातू आजोबांना पाडतोय. एवढाच काय तो फरक.

आपल्याकडेही इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यात मताला शेतसारा, कर, मालमत्ता किंवा शिक्षणाची अट होती. म्हणजे ज्याच्याकडे आहे त्यालाच आवाज. डॉ. आंबेडकरांनी त्याआधीच, १९२८ मध्ये, सायमन कमिशनपुढे सरसकट प्रौढ मताधिकार मागितला होता. आणि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत या देशाने तो देऊन टाकला. १७ कोटींवर मतदार, आणि १९५१ च्या जनगणनेत साक्षरता अवघी १८ टक्के. तुझ्या मुलाची चाचणी तेव्हा असती तर सहातले पाच जण दारातून परत गेले असते. त्यात माझी आजी पहिली. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, वर चिन्ह चिकटवलेलं. तिने चित्र बघून कागद टाकला. कोणत्या पेटीत टाकला ते आजोबांना मरेपर्यंत सांगितलं नाही. आमच्या घरात हा किस्सा अजून सांगतात, आणि माझी खात्री आहे की तिने त्यांच्या विरुद्ध पेटीत टाकला असणार.

पण मुलाच्या म्हणण्यात काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. व्हॉट्सॲपचं खरं आहे. अमेरिकेतल्या २०१६ च्या निवडणुकीवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की फेसबुकवर खोट्या बातम्या पुढं पाठवण्यात ६५ च्या पुढचे लोक तरुणांपेक्षा कितीतरी पुढं होते. आमच्या बागेतल्या ग्रुपवरही तेच. हळदीने सगळं बरं होतं आणि नासाने काहीतरी मान्य केलेलं असतं. मी स्वतः दोनदा फसले आहे. मात्र फॉरवर्ड करणारा माणूस त्याच मजकुरावर मत देतो, असं धरून चालू नकोस. पुष्कळ म्हातारे कंटाळा आला म्हणून ढकलतात. मी अजून आहे, एवढंच सांगायचं असतं त्यांना.

देश चालावा का, या प्रश्नाचा हिशेबही करून टाकू. २०२४ च्या लोकसभेआधी निवडणूक आयोगाने आकडे दिले होते. मतदार ९६ कोटी ८० लाख, त्यांत ८५ च्या पुढचे ८२ लाख. शंभरात एकही भरत नाही. पहिल्यांदा मत देणारे होते १ कोटी ८० लाख. देश बुडालाच तर म्हाताऱ्यांनी एकट्याने बुडवला, असं म्हणता यायचं नाही.

शाळेत होते म्हणून मला निवडणुकीच्या ड्यूट्या भरपूर लागल्या. कधी शाईची बाटली घेऊन बसले, शेवटी शेवटी केंद्राध्यक्ष झाले. एका वर्षी दुपारी तीनच्या सुमाराला, उन्हाने सगळे पेंगत असताना, एक म्हातारी आली. कमरेत वाकलेली, नव्वदीची तरी असेल. नातवाने दारापर्यंत आणली आणि ती त्याला म्हणाली, "तू हितंच थांब." नाव विचारलं तर आधी नवऱ्याचं सांगितलं, मग दिराचं. निवडणूक कशाची आहे, ते तिला माहीत असावं असं काही वाटलं नाही. पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली आणि तिथंच राहिली. एक मिनिट झालं, दीड झालं, बीप वाजेना. बाहेर रांग कुरकुरायला लागली. एजंट एकमेकांकडे बघायला लागले. मी जागेवरूनच हाक मारली, "आजी, चित्राशेजारचं निळं बटण दाबायचं!" आतून आवाज आला, "दिसतंय गं मला. जरा इचार करू दे." मग बीप वाजला. त्या दिवशी माझ्या केंद्रावर सहाशेच्या वर मतं पडली. विचार करायला वेळ मागणारी ती एकटी.

आता तुझ्या पत्रातल्या कंसाकडे येते. सगळ्या पत्रातलं सगळ्यांत मोठं वाक्य तू कंसात घातलं आहेस, आणि मला वाटतं ते तुलाही कळतं.

दिसत नसेल किंवा हात चालत नसेल तर मतदार बरोबर सोबती नेऊ शकतो, त्याला नियम आहे, १९६१ च्या निवडणूक नियमांतला ४९-एन. सोबती १८ पूर्ण हवा. एका माणसाला त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं. त्याने लिहून द्यायचं, की मत गुप्त ठेवीन आणि आज दुसऱ्या कुणाचा सोबती झालो नाही. त्याच्या उजव्या तर्जनीला शाई लावतात. परवानगी केंद्राध्यक्षाने द्यायची, स्वतःची खात्री करून. आणि नियमातले शब्द असे आहेत, की सोबत्याने मत नोंदवायचं ते मतदाराच्या इच्छेप्रमाणे. सोबती म्हणजे उसना हात. उसनं डोकं नाही.

तुझ्या नवऱ्याला विचार, त्या दिवशी उजव्या बोटाला शाई लागली होती का? कागदावर सही केली होती का? आणि आत गेल्यावर, बटण दाबायच्या आधी, "बाबा, कुणाला?" असं विचारलं होतं का? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर 'नाही' आलं तर त्यात केंद्रावरच्यांचाही ढिसाळपणा आहे. दुपारची गर्दी, 'घरचाच माणूस आहे, जाऊ दे' असं होतं, मी बघितलंय. पण तिसऱ्याचं उत्तर तुला आधीच माहीत आहे. विचारलं असतं तर बाबांनी बाहेर येऊन "माझं मत कुणाला दिलंस रे" म्हटलं नसतं.

तुझ्या घरातल्या विस्मरणाने एकही मत वाया घालवलेलं नाही. तुझ्या धडधाकट, पन्नाशीच्या नवऱ्याने एक घालवलं, किंवा स्वतःची दोन केली. मुलाची चाचणी लावली असती तर तो पहिल्या वर्गात पास झाला असता. मला माहीत आहे, तो वाईट माणूस नसणार. घाई होती, रांग होती, बापाला उभं राहवत नव्हतं. माझ्याच केंद्रावर एका मुलाने बापाचा दंड धरून मला सांगितलं होतं, "बाई, यांना दिसत नाही, मी दाबतो." आणि बाप त्याच्या मागून म्हणाला, "दिसतंय मला." मी मुलाला बाहेर बसवलं. मुलगा चिडला. बापाने एक अक्षर काढलं नाही, पण आत जाताना सदऱ्याची गुंडी लावून गेला.

नवऱ्याशी भांडू नकोस, तक्रारही करायला सांगत नाही. पण हे एकदा त्याच्याशी बोल, एकट्यात. आणि त्याने बाबांना सांगायला हवं. कुणाला दिलं तेसुद्धा. अवघड आहे. मी असते तर मलाही जड गेलं असतं. पण बाबांनी कार्ड तुला दिलं ते फक्त नातू हसला म्हणून दिलं असेल, असं मला वाटत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना अजून मिळालेलं नाही.

विसरण्याचं वेगळं बघ, आणि मताशी त्याची सांगड घालू नकोस. त्यांना डॉक्टरकडे ने. आज वार कोणता, हे न आठवणाऱ्या माणसाला कोण आपला आणि कोण लबाड, हे नेमकं कळू शकतं. एका गोष्टीत डगमगणारं डोकं दुसऱ्या गोष्टीत खणखणीत असतं. आणि बी-१२ कमी झालं, थायरॉइड बिघडलं, कानाने कमी ऐकू यायला लागलं किंवा बायको गेल्यावर मन खचलं, तरी माणूस विसरभोळा दिसायला लागतो. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. मशीनवरचं दिसत नाही म्हणतेस, तर मोतीबिंदू बघून घेतलास का? ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट होतं. मताच्या आधी पेपर वाचायला तरी दिसू दे त्यांना. गॅसचा कॉक मात्र रात्री तूच बंद करत जा.

घरून मतदान मिळतं का, असं तुझ्या मनात आलं असेल. लोकसभा-विधानसभेला ८५ पूर्ण झालेल्यांना आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असलेल्यांना मिळतं. आधी ८० होतं, मार्च २०२४ मध्ये ८५ केलं. त्यामुळे तुझे सासरे पाच वर्षांनी चुकले. पुढं कधी वेळ आलीच, तर बीएलओ, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी, १२-ड नमुना घरी आणून देतो. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो भरून द्यायचा. मग अधिकारी मतपत्रिका घेऊन घरी येतात, व्हिडिओ शूटिंग होतं, पण मत देताना आडोसा असतो. एकदा तो मार्ग घेतला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. हिमाचलातल्या कल्प्याचे श्याम सरन नेगी, ज्यांना देशाचे पहिले मतदार म्हणतात, त्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये शेवटचं मत असंच घरून दिलं. १०५ वर्षांचे होते. तीन दिवसांनी गेले. पण तुझ्या सासऱ्यांना पाय आहेत तोवर केंद्रावर जाऊ दे. कंडक्टर माणूस, चार ओळखीचे भेटतात, "काय म्हातारबुवा" होतं. घरी कॅमेरा घेऊन आलेल्या सरकारी पथकात ती मजा नाही.

सकाळी सातला ने, ऊन चढायच्या आत. ज्येष्ठांना रांगेत थांबवत नाहीत, थांबवलं तर केंद्राध्यक्षाला सांगायचं. बाहेर उमेदवारांची यादी लावलेली असते, ती त्यांना आधी सावकाश वाचू दे. मशीनवर नावाशेजारी उमेदवाराचा फोटो असतो, मग चिन्ह, मग निळं बटण. दाबलं की लाल दिवा लागतो आणि शेजारच्या यंत्रात चिठ्ठी दिसते, सात सेकंद. सात सेकंद हे चष्मा पुसायलाच जातात, म्हणून चष्मा आधी पुसून द्यायचा. मशीन समजत नसेल तर आडोशाबाहेर नमुना दाखवून समजावून मागता येतं. मीही पुठ्ठ्याच्या मशीनवर कित्येकांना दाखवलं आहे. एवढं करूनही सोबती लागलाच, तर कोण न्यायचा ते त्यांनी ठरवायचं. तू नाही, तुझ्या नवऱ्यानेही नाही. त्यांनी शेजारच्याला नेलं तरी घरच्यांनी तोंड वाकडं करायचं नाही.

मुलाला फोनवर माफी मागायला लावू नकोस. फोनवरच्या माफीला बाबा "बरं बरं" म्हणतील आणि अंगणात जातील. पुढच्या सुट्टीला येऊ दे त्याला. स्पर्धेत विरुद्ध बाजूने बोलायचं असतं तर काय मुद्दे काढले असते, ते आजोबांकडूनच काढून घे, म्हणावं. आणीबाणीच्या शेवटी झालेल्या १९७७ च्या निवडणुकीत ते एस.टी.त होते. गाडीत लोक काय बोलत होते आणि काय बोलायला घाबरत होते, हे पुण्याच्या कुठल्या लायब्ररीत मिळणार नाही.

आणखी एक. तू त्याचं वय लिहिलंस, हॉस्टेल लिहिलंस, नंबर लिहिलास. त्याने कधी मत दिलं, हे कुठं लिहिलं नाहीस. त्याचं नाव यादीत आहे ना? नसेल तर फॉर्म ६ भर म्हणावं, ऑनलाइन होतो. आता वर्षातून चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. पुण्याच्या पत्त्यावर नोंदवायचं की गावच्या, ते त्याने ठरवावं. दोन्हीकडे मात्र नको. त्याला चाचणी कोणी विचारणार नाही.

कार्ड आजच परत दे. जेवताना नको, सगळ्यांसमोर नको. दुपारी ते एकटे बसलेले असतील तेव्हा जा आणि सांग, "बाबा, मी हसले ते चुकलं." देशाचं, लोकशाहीचं काही बोलू नकोस. लगेच घेतील असं नाही. नाही घेतलं तर वाद घालू नकोस. त्यांनी ज्या कपाटातून काढलं त्याच कपाटात, एस.टी.च्या कार्डाशेजारी नेऊन ठेव.

— मावशी